फोटो चांगला आला म्हणजे काय?

खान्देशात घरात कुणाला कर्करोग निघाला की उपचाराच्या आधी मुक्कामाचा विचार सुरू होतो. रेडिएशन पाच ते सात आठवडे चालते, आठवड्यातून पाच दिवस, आणि दरवेळी मशीनखाली पडायचे ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्यासाठी परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास धर्मशाळा शोधायची, नाशिकला नातेवाइकांकडे राहायचे, की अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगर गाठायचे, यावर रात्र रात्र खल होतो. कापूस वेचणीला आलेला असताना घरातली दोन माणसे दीड महिना शेताबाहेर राहणे काय असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे 'आमच्या जिल्ह्यात मशीन आणा' ही मागणी रास्तच आहे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे, जळगावला 2018 पासून. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. तीच आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. म्हणजे पैशाची वाट काही प्रमाणात तरी मोकळी झाली आहे. अंतराची वाट मशीनने मोकळी होईल.

माझा वाद मागणीशी नाही. मशीन आले की काम झाले, या समजुतीशी आहे. लिनॅक, म्हणजे उपचाराचे किरण तयार करणारे मशीन, घ्यायचे ठरले की चर्चा होते ती किंमत किती, ऊर्जा किती, कंपनी कुठली याची. रुग्ण टेबलावर झोपल्यावर तो नेमक्या जागी आहे की नाही हे पाहायला जो फोटो काढतात, तो कसा येतो, तो कोण बघतो आणि बघायला त्याला किती वेळ मिळतो, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रुग्णाच्या दृष्टीने किंमत आणि कंपनी यांच्यापेक्षा याच प्रश्नांची उत्तरे जास्त मोलाची आहेत.

आधी कामाची रीत समजून घेऊ. उपचाराआधी रुग्णाचे सिम्युलेशन होते. तोंडाचा किंवा घशाचा आजार असेल तर गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क तयार करतात आणि त्याच स्थितीत सीटी काढतात. त्या सीटीवर डॉक्टर गाठ आखतात, फिजिसिस्ट किरणांचे नियोजन करतो. मग रोज 2 ग्रे इतकी किरणांची मात्रा, असे 30 ते 35 दिवस. प्लॅन कितीही नाजूक असो, तो सिम्युलेशनच्या त्या एका दिवसाच्या, त्या एका क्षणाच्या शरीरावर बेतलेला असतो. पुढच्या प्रत्येक दिवशी तेच शरीर त्याच जागी आणायचे असते. कातडीवरच्या खुणा आणि भिंतीवरचे लेझर तिथवर नेतात. आत काय आहे हे मात्र फोटोशिवाय कळत नाही.

पूर्वी हा फोटो उपचाराच्याच किरणांनी फिल्मवर काढत. त्यात अडचण अशी की निदानाच्या एक्स-रेमध्ये हाड पांढरे उठून दिसते ते कमी ऊर्जेमुळे. त्या पट्ट्यात किरणांचे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हाडातले कॅल्शियम मांसापेक्षा कितीतरी जास्त किरण अडवते. उपचाराची ऊर्जा दशलक्ष व्होल्टच्या घरातली. तिथे हा भेद जवळपास पुसला जातो. हाड काय आणि मांस काय, किरण अडतात ते मुख्यतः घनतेप्रमाणे. परिणाम म्हणजे राखाडीवर राखाडी. किरणोत्सारी कोबाल्टवर चालणाऱ्या जुन्या मशीनवर त्यात आणखी भर, कारण कोबाल्टचा स्रोतच दीड-दोन सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याच्या सावलीची कड धूसर येते. तरीही त्याच फिल्मवर जबड्याची रेघ आणि मणक्यांच्या कडा शोधून कोबाल्टच्या पिढीतल्या लोकांनी वर्षानुवर्षे रुग्ण बसवले. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या भाभाट्रॉनने तर कोबाल्ट उपचार देशी आणि परवडणारा केला. त्या मशीनला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही.

पुढे फिल्मच्या जागी अमॉर्फस सिलिकॉनचे पॅनेल आले. मग लिनॅकच्या अंगावरच कमी ऊर्जेची वेगळी एक्स-रे नळी बसली. 2002 साली अमेरिकेत मिशिगनच्या विल्यम बोमाँट रुग्णालयातल्या जॅफ्रे, सिवर्डसन, वाँग आणि सहकाऱ्यांनी त्या नळीला रुग्णाभोवती फिरवून टेबलावरच सीटी काढण्याची पद्धत मांडली. हीच कोन-बीम सीटी, बोलीत सीबीसीटी. आता हाडाबरोबर मऊ अवयवही दिसू लागले. पण हिची प्रतिमा नेहमीच्या सीटीइतकी स्वच्छ नसते. एका दमात मोठा भाग उजळत असल्याने शरीरात विखुरलेले किरण पॅनेलवर येऊन पडतात; जाड माणसाच्या कमरेत तर सरळ आलेल्या किरणांपेक्षा विखुरलेले जास्त असू शकतात. नेहमीच्या मशीनवर एका फेरीला साधारण मिनिट लागतो, तेवढ्यात आतड्यातला वायू सरकतो आणि प्रतिमेवर पट्टे ओढले जातात. त्यावर उपाय आहेत: विखुरण अडवणारी जाळी, किरणांचा झोत काठाला पातळ करणारे फिल्टर, आवश्यक तेवढीच लांबी उघडणे, पुन्हा पुन्हा गणित करून प्रतिमा रचणारे नवे सॉफ्टवेअर. आणि अर्थातच डोस वाढवणे. पण फोटोतला खरखरीतपणा निम्मा करायचा तर डोस चौपट लागतो, आणि हा फोटो रोजचा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर गाठीभोवती सोडायच्या कडेसाठी. रुग्ण रोज थोडा इकडे-तिकडे होणार, म्हणून गाठीच्या बाहेर काही मिलिमीटर जास्तीचा भागही किरणांत घेतात. चार सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ धरा. तिचे आकारमान सुमारे 33 घनसेंटिमीटर. चहूबाजूंनी एक सेंटिमीटर कड सोडली तर किरण घेणारा भाग 113 घनसेंटिमीटरवर जातो. कड अर्ध्या सेंटिमीटरवर आणता आली तर 65. मधले 48 घनसेंटिमीटर म्हणजे लाळग्रंथी, गिळण्याचे स्नायू, आतडे, मूत्राशय. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाची लाळ कायमची आटली तर त्याला पुढे कोरडी भाकरी गिळता येत नाही. हा हिशेब कागदावरचा नाही.

याचा आपल्या राज्यातला सर्वांत भक्कम पुरावा टाटा मेमोरियल सेंटरने दिला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या 300 स्त्रियांत त्यांनी जुनी त्रिमितीय पद्धत आणि प्रतिमेच्या आधाराने दिलेले आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे किरणांची तीव्रता बदलणारे तंत्र) यांची तुलना केली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के स्त्रियांना, नव्या पद्धतीत 21.1 टक्क्यांना. निम्मा. या चाचणीत किरणांना आकार देण्याचे तंत्रही बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय फोटोला देता येणार नाही. पण इतकी आखीव किरणे फोटोशिवाय देणे म्हणजे धोका पत्करणे, हे रेडिएशनच्या विभागात कुणीही सांगेल. कड जितकी अरुंद, तितकी चूक महाग.

आता मूळ प्रश्नाकडे. फोटो चांगला आला म्हणजे काय? जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावला, केकी मूस नावाचे विलक्षण छायाचित्रकार होऊन गेले. रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्याची कित्येक वर्षे जवळपास घराबाहेर न पडता त्यांनी टेबलटॉप छायाचित्रे काढली: टेबलावर चारदोन वस्तू मांडायच्या आणि फोटोत तिथे अख्खा देखावा उभा करायचा. बघणाऱ्याचा डोळा फसतो आणि त्या फसण्यातच कलेचा आनंद असतो. रेडिएशनच्या टेबलावरचा फोटो याच्या नेमका विरुद्ध टोकाला. तिथे डोळा फसला तर किरण भलतीकडे जातात. आणि तरीही प्रतिमेचा दर्जा ठरवताना आपण बहुतेकदा डोळ्याला काय आवडते यावरच जातो. विक्रेता पडद्यावर जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी शेजारी ठेवतो, नवी गुळगुळीत आणि उठावदार दिसते, समिती मान हलवते.

माझ्या मते इथे कसोटी एकच: या प्रतिमेवरून कन्सोलवरचा टेक्नॉलॉजिस्ट, त्याच्या हाती असलेल्या वेळात, टेबल किती मिलिमीटर कुठे सरकवायचे हे बरोबर ठरवू शकतो का? दोन टेक्नॉलॉजिस्टना एकच फोटो वेगवेगळा दाखवला तर दोघांचे उत्तर जुळते का? जुळत असेल तर प्रतिमा खरखरीत असली तरी चालेल. जुळत नसेल तर ती कॅलेंडरवर छापण्याइतकी सुंदर असूनही उपयोगाची नाही. हाडावर बसवायचे असेल तर कमी डोसचे दोन साधे एक्स-रेही पुरतात. मूत्राशयाची भिंत पाहायची असेल तर मात्र चांगली सीबीसीटीच हवी. दर्जा कामावरून ठरतो.

उपचाराच्याच किरणांनी काढलेल्या राखाडी प्रतिमेचा (पोर्टल प्रतिमेचा) उठाव वाढवणारी गणिते 1980 च्या दशकापासून उपलब्ध आहेत. ती प्रतिमेचे छोटे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकातला काळा-पांढरा फरक ताणतात. पुष्कळदा त्याने जबड्याची हरवलेली रेघ सापडते. स्वस्तातला आणि प्रामाणिक उपाय आहे. पण त्याने नवी माहिती येत नाही. असलेला फरक फुगतो आणि त्याबरोबर खरखरही फुगते. सराव नसलेल्या डोळ्याला त्या खरखरीतही हाडाची कड दिसू लागते. याच्या पुढचा टप्पा आता येतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला हजारो सीटी दाखवून शिकवायचे आणि मग गढूळ सीबीसीटीवरून स्वच्छ सीटीसारखी प्रतिमा तिच्याकडून तयार करून घ्यायची. काम विलक्षण आहे, भविष्य त्याच दिशेला असेल. धोका एवढाच की जिथे माहिती नव्हती तिथे यंत्र आपल्या अनुभवाने भर घालते. हैदराबाद किंवा ह्यूस्टनच्या रुग्णांवर शिकलेल्या यंत्रापुढे अर्धा जबडा काढून मांडीची कातडी लावलेला पारोळ्याचा रुग्ण आला तर ते काय भरेल? गढूळ प्रतिमा निदान आपल्याला दिसत नाही हे तरी कबूल करते. म्हणून असे सॉफ्टवेअर घ्यावे जरूर, पण मूळ कच्ची प्रतिमा एका बटणावर शेजारी दिसलीच पाहिजे, आणि आपल्याच रुग्णांवर ते आधी तपासून पाहिले पाहिजे.

प्रतिमेचा दर्जा सॉफ्टवेअरच्या किती आधी ठरतो हे खान्देशातल्या उन्हाळ्यात चांगले कळावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांना टेकतो. कातडीवर शाईने काढलेल्या खुणा घामाने पुसट होतात आणि 'अंघोळ करताना तेवढी जागा भिजवू नका' ही सूचना कितीही नीट दिली तरी पाळणे अवघड. अशा ठिकाणी कायमचे बारीक टॅटू हा लहानसा पण खरा उपाय. तोंडाच्या रुग्णाचे आठवड्यागणिक वजन घटते, मास्क सैल होतो आणि आतले डोके दोन-तीन मिलिमीटर वळायला मोकळे होते. फोटो कितीही स्पष्ट असो, टेबल सरकवून वळलेली मान सरळ होत नाही, मास्कच नवा करावा लागतो. बायकांच्या नाकातली चमकी आणि कानातले हे सिम्युलेशनच्या दिवशी आठवणीने काढायला सांगावे लागते, नाहीतर धातूचे किरणपट्टे नेमके गाठीवरून जातात. चमकी काढायला नवऱ्याची किंवा सासूची संमती लागते अशी घरे आजही आहेत. तेव्हा ते समजावणे हेही प्रतिमा सुधारण्याचेच काम.

सर्वांत अवघड मूत्राशय. गर्भाशयमुखाच्या उपचारात लघवी करून येऊन ठरावीक पाणी पिऊन अर्धा-पाऊण तास थांबायचे असते, म्हणजे रोज मूत्राशय सारखेच भरते, आतडी वर सरकतात आणि गर्भाशय ठरल्या जागेच्या जवळ राहते. शिरपूरहून किंवा चोपड्याहून एसटीने उन्हात दोन तास प्रवास करून आलेल्या बाईचे शरीर ते पाणी आधी स्वतःसाठी ठेवते. पाऊण तासाने मूत्राशय रिकामेच, आणि रांगेत मागे दहा जण. शिवाय बाई संकोचाने 'भरलंय' म्हणते. सूचना प्रमाण मराठीत छापलेल्या कागदावर असतात. ऐकणाऱ्या बाईची भाषा अहिराणी असते, सातपुड्याच्या पायथ्याची असेल तर पावरी किंवा भिली. रुग्णाच्या बोलीत ही गोष्ट नीट सांगणारी एक परिचारिका कमरेच्या सीबीसीटीचा जेवढा फायदा करेल, तेवढा महागडे सॉफ्टवेअरही करणार नाही असे मला वाटते. आल्याआल्या पाणी प्यायला देणे, थंड खोलीत बसवणे, अल्ट्रासाउंडचे छोटे यंत्र पोटावर ठेवून मूत्राशय बघणे, यांतले काहीही लिनॅकच्या किमतीशेजारी मांडण्यासारखे नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णाला कधी दिसत नाही. फोटो काढणारी नळी आणि उपचाराचे किरण सोडणारे डोके ही दोन वेगळी यंत्रे आहेत. दोघांचा मध्यबिंदू एकच असला पाहिजे. साध्या उपचारांसाठी 2 मिलिमीटर आणि मेंदूसारख्या नाजूक उपचारांसाठी 1 मिलिमीटरच्या आत, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. ते वारंवार तपासावे लागते. पॅनेलचे मृत बिंदू, तीक्ष्णता, एकसारखेपणा तपासायचे ठोकळेही ठरलेले आहेत. हे काम मेडिकल फिजिसिस्टचे. मध्यबिंदू तीन मिलिमीटर सरकला असेल तर काचेसारखा स्वच्छ फोटोही रोज त्याच खात्रीने चुकीच्या जागी नेईल, आणि संशय येण्यासारखे त्यात काही दिसणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे पात्र माणसांशिवाय मशीन चालवता येत नाही. पण मंजूर पद आणि प्रत्यक्ष भरलेले, टिकलेले पद यांत काय अंतर असते ते जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या कुणालाही विचारा. पदवी घेतलेला फिजिसिस्ट मुंबई-पुण्यात राहतो, कारण तिथे पगार जास्त आणि मुलांना शाळा. मशीनसाठी निधी एकदाच लागतो, माणसासाठी दर महिन्याला. म्हणूनच उद्घाटन मशीनचे होते.

वेळेचा हिशेबही करायला हवा. एका मशीनवर बारा तासांत साठ रुग्ण घ्यायचे म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे. त्यात टेबलावर चढणे, मास्क लावणे, फोटोची फेरी, उपचार, उतरणे. फोटो बघून निर्णय घ्यायला उरते एखादे-दीड मिनिट. रोज, सर्वांचा, उत्तम फोटो असा आग्रह धरला की त्या मिनिटात टेक्नॉलॉजिस्ट बघत नाही, नुसते 'ओके' दाबतो. मग आपल्याकडे फोटो असतो, तपासणी नसते.

हा तुटपुंजा वेळ कुठे खर्चावा हे ठरवायला एक जुने पण फार उपयोगी गणित आहे. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन हेर्क आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे कड ठरते ती अशी: रोज एकाच बाजूला होणाऱ्या चुकीचा अडीच पट भाग आणि दिवसागणिक बदलणाऱ्या चुकीचा 0.7 पट भाग. दोन्ही चुका 3 मिलिमीटर धरल्या तर कड 9.6 मिलिमीटर येते. दिवसागणिकची चूक निम्मी केली तर 8.5 च्या आसपास. एकाच बाजूची चूक निम्मी केली तर 6 च्याही आत. ही एकाच बाजूची चूक मुख्यतः जन्मते सिम्युलेशनच्या दिवशी: त्या दिवशी रुग्ण घाबरून खांदे आवळून झोपला, किंवा पोटात वायू होता. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने 2005 मध्ये दाखवले की प्रोस्टेटच्या ज्या रुग्णांचा गुदाशय नियोजनाच्या सीटीत फुगलेला होता, त्यांच्यात आजार परतण्याचे प्रमाण जास्त होते. त्या एका फोटोतली चूक उपचाराच्या प्रत्येक दिवसाला चिकटली होती.

त्यामुळे मी उलटा क्रम सुचवीन. सिम्युलेशनला घाई नको; वायू असेल तर रुग्णाला परत बोलवावे, अर्धा दिवस गेला तरी चालेल. पहिले चार-पाच दिवस उत्तम प्रतीचे फोटो, त्यांवर डॉक्टर आणि फिजिसिस्ट दोघांनी बसून टेबल किती सरकवावे लागले त्याची सरासरी काढायची आणि ती एकदाच कायमची दुरुस्त करायची. त्यानंतर तोंड-घशाच्या बहुतेक रुग्णांना मधूनमधून तपासणी पुरते, मास्क सैल झाल्याचे दिसले की पुन्हा सुरू. दिवसागणिकची थोडी चूक कडेत मावते.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही: मोठ्या शहरात श्रीमंताला रोजचा फोटो आणि खान्देशातल्या शेतकऱ्याला आठवड्यातून एकदा, हा न्याय कुठला? मशीनला वेळ आणि माणसे असतील तर रोज काढावा, माझी ना नाही. पण रोज फोटो म्हणजे आपोआप हिताचा, असेही नाही. फ्रान्समध्ये प्रोस्टेटच्या 470 रुग्णांवर रोज विरुद्ध आठवड्याला अशी चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आले. रोजच्या गटात आजार परतणे कमी आणि गुदाशयाचा त्रासही कमी. एकूण मृत्यू मात्र त्याच गटात जास्त निघाले. एका चाचणीवरून घाबरून जायचे कारण नाही, पण 'जितके फोटो तितके बरे' हे गृहीत धरण्याचेही नाही. साधारण एका सीबीसीटीला एक ते तीन सेंटिग्रे डोस जातो. 33 दिवसांचा तो मोजून लिहून ठेवावा, एवढे तरी व्हावे.

गर्भाशयमुखाच्या रुग्णांना मात्र हा काटकसरीचा हिशेब लावू नये. तिथे गर्भाशय मूत्राशयाबरोबर कधी कधी सेंटिमीटरांनी हलते, पहिल्या आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्यात कुचकामी ठरते आणि हाडावर जुळवलेला फोटो खोटा दिलासा देतो. त्यांना रोज सीबीसीटी हवी, मऊ अवयव दिसतील इतकी चांगली हवी, आणि मूत्राशय भरलेले नसेल तर बाईला टेबलावरून उतरवून परत पाणी प्यायला बसवण्याचा अधिकार टेक्नॉलॉजिस्टला लेखी हवा. त्यासाठी दिवसाचे रुग्ण साठावरून पन्नासवर आणावे लागले तर आणावेत, आणि उरलेल्या दहांसाठी दुसऱ्या पाळीतली माणसे मागावीत.